स्थळप्रत

आमच्या वाचनालयात शिरलं की डाव्या हाताला संगमरवरी पाटी दिसते. तिच्यावर चौदा नावं कोरलेली आहेत. इमारत निधीला पाच हजार एक किंवा त्याहून अधिक देणाऱ्यांची. त्या चौदा जणांविषयी माझ्या मनात आदर आहे. त्यातल्या दोघांनी तर स्वतःच्या घराची डागडुजी पुढे ढकलून पैसे दिले, हे मला ठाऊक आहे. पण त्याच भिंतीच्या पलीकडे, माझ्या टेबलाशेजारच्या लोखंडी कपाटात, तळच्या खणात सुतळीने बांधलेली अठरा पावतीपुस्तकं आहेत. प्रत्येकात पन्नास पावत्या होत्या. वरच्या प्रती गावभर गेल्या, कुणाच्या देव्हाऱ्याखाली, कुणाच्या वीजबिलांच्या गठ्ठ्यात, बऱ्याचशा केरात. खाली राहिल्या त्या कार्बनच्या निळ्या, फिक्या होत चाललेल्या स्थळप्रती. हिशेबतपासनीस येऊन गेले, शिक्का बसला, तरी ती पुस्तकं माळ्यावर टाकायला माझा हात धजावत नाही.

मी या वाचनालयाची खजिनदार. त्याआधी चौतीस वर्षं बँकेत होते, त्यातली बरीचशी रोखपाल म्हणून. पैसा म्हणजे काय हे आपल्याला कळतं असं मला वाटायचं. जाळीच्या आत बसायचं, समोरून नोटा यायच्या, मी मोजायच्या, सुलट करून लावायच्या, रबर चढवायचं. पैसा माझ्याकडे चालत यायचा. पैशापर्यंत चालत जावं लागतं तेव्हा तो कसा दिसतो, हे मी साठी उलटल्यावर पाहिलं.

झालं असं, की २०२२ च्या पावसाळ्यात वाचनालयाच्या माडीवर बारा बादल्या मांडाव्या लागल्या. कोकणातला पाऊस कुणाची भीड धरत नाही. संदर्भ विभागाच्या तीन कपाटांत पाणी गेलं. वासे कुजलेले, रिपा वाळवीने पोखरलेल्या, कौलं फुटकी. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार आमच्यासारख्या वाचनालयांना शासनाचं परिरक्षण अनुदान मिळतं. ते सेवकांचे पगार, ग्रंथखरेदी, वर्तमानपत्रं आणि किरकोळ खर्चात संपून जातं. छप्पर काही त्यात बसत नाही. कार्यकारिणीची सभा झाली, अंदाजपत्रक आलं, आणि ठरलं की गावाकडे जायचं. ‘गावाकडे जायचं’ हे सभेत म्हणणं फार सोपं असतं. जाणार कोण, यावर मात्र सगळे आपापल्या चहाच्या कपात पाहू लागले.

तेव्हा मागच्या खुर्चीवरून एक हात वर झाला. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टरकाका. सभासद होते, पण कार्यकारिणीत नव्हते. दुपारी वर्तमानपत्र वाचायला आले होते आणि सभा सुरू झाल्यावर तिथेच बसून राहिले होते. म्हणाले, “बाजारपेठ मी करतो.” पेठ करतो, जसं एखादा म्हणेल शेत करतो. मग शिवणकाम करणाऱ्या आमच्या एक वहिनी पुढे आल्या. दुपारच्या वेळी ज्या घरी फक्त बायका असतात ती घरं त्यांनी घेतली. कॉलेजातली मुलं आली. असे एकूण सात जण. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत, उन्हातून आणि चढउतारांवरून, कुणी सांगितलं नसताना, ही सात माणसं फिरली. जमले ४ लाख ११ हजार. त्यातले चौदा पाटीवाल्यांचे सोडले तर उरलेले अडीच लाख लहान-मोठ्या रकमांनी, आठशेहून अधिक हातांतून आले.

एका शनिवारी काकांनी मला विचारलं, “ताई, येता का बरोबर?” मी गेले. सकाळी दहा ते एक. तेवीस दारं, सात पावत्या, १,०१७ रुपये. बँकेत एवढी रक्कम मोजायला मला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

पहिल्याच दारापाशी माझा घसा कोरडा पडला. ‘वाचनालयाच्या छपरासाठी...’ एवढंच बोलायचं होतं, पण ते वाक्य तोंडातून निघताना माझं सगळं वय, नोकरी, घराणं, शिक्षण आड आलं. आपण कुणाच्या तरी उंबऱ्यापाशी हात पसरून उभ्या आहोत, ही जाणीव अंगभर चरचरली. काका शांत होते. बेल वाजवली की ते दोन पावलं मागे सरून, एक पायरी खाली उभे राहत. दार उघडणाऱ्याला आपण अंगावर आल्यासारखं वाटू नये म्हणून. पुढे म्हणाले, “ताई, पैसे मागायचे नाहीत. माडीवर बादल्या आहेत ते सांगायचं. पैसे काढायचे की नाही ते त्यांचं ते बघतील.”

एका दुकानदाराने विचारलं, “वाचनालय चालू आहे अजून?” हा प्रश्न मला अपमानासारखा लागला, काकांनी त्याला संध्याकाळची वेळ सांगितली. एका घरी कोणत्या मंडळाचे म्हणून विचारलं आणि उत्तर येण्याआधी दार लावलं. एका बंगल्याच्या पायरीवर साहेब पूजेला बसलेत म्हणून आम्ही चाळीस मिनिटं उभे होतो. साहेब आले, वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासावर पाऊण तास बोलले आणि पुढच्या आठवड्यात या म्हणाले. आणि एका अंधाऱ्या चाळवजा घरात एक म्हातारे गृहस्थ आम्हाला बसवून आत गेले, ते बराच वेळ येईनात. ट्रंक ओढल्याचा आवाज येत होता. शेवटी हातात काहीतरी घेऊन आले. वाचनालयाचं जुनं सभासदकार्ड, पिवळं, कडांना कुरतडलेलं. “अजून सभासद आहे ना मी?” त्यांनी विचारलं, आणि अकरा रुपये दिले. एक दहाची नोट आणि वर एक रुपयाचं नाणं. रक्कम शून्यावर संपू नये, पुढे चालू राहावी, म्हणून आपल्याकडे हा वरचा रुपया असतो.

त्या अकरा रुपयांची पावती काकांनी ज्या सावकाशीने लिहिली ती मी विसरणार नाही. नाव विचारलं, पूर्ण नाव विचारलं, लिहिलं, वाचून दाखवलं, अक्षरी रकमेच्या जागी ‘अकरा फक्त’ असं वळणदार लिहिलं, खाली रेघ ओढली, पावती टरकावली आणि दोन्ही हातांनी दिली. तासाभरापूर्वी पाचशे एकची पावतीही त्यांनी अशीच फाडली होती. रस्त्यावर आल्यावर मी तसं म्हटलं, तर म्हणाले, “आमच्या वेळी मशीन नव्हती. रंगीत तिकिटांचा ट्रे आणि हातात पंच. तिकीट कमी अंतराचं असो की जास्त, पंच सारखाच पडायचा.”

त्या रात्री पाय इतके दुखत होते की झोप येईना. उशाशी एक पुस्तक होतं. ओल्या कपाटातून वाचवलेल्यांपैकी एक, पानं लाटांसारखी वाकडी झालेलं, उन्हात वाळवून मी वाचायला घरी आणलेलं. पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’.

पार्वतीबाई मूळच्या देवरुखच्या, जन्म १८७० चा. ऐन तारुण्यात विधवा झाल्या, पदरी एक मुलगा. त्यांची बहीण गोदूबाई, तीही विधवा. तिच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली पुनर्विवाह केला. तीन वर्षांनी कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, पुढे तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला, आणि दिवसभर कॉलेजात शिकवून कर्वे संध्याकाळी पायी हिंगणं गाठत, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. महर्षी कर्व्यांना शंभराव्या वर्षी, १९५८ साली, भारतरत्न मिळालं. त्यांच्याविषयी मला काही वेगळं सांगायचं नाही. पण माळावरच्या त्या झोपडीत रोज चूल पेटायची, तिच्यावर शिजणारं धान्य कुठून यायचं? त्या पैशासाठी जे हिंडले त्यांत पार्वतीबाई होत्या. आश्रमाचं काम करता करता त्यांनी वर्गणी मागत फिरण्याचं काम अंगावर घेतलं आणि वर्षानुवर्षं केलं. १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी नीट येत नसताना, त्या अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या, भाषा शिकल्या, आश्रमासाठी पैसे मिळवले आणि १९२० साली परतल्या.

वाचताना मी एका गोष्टीपाशी थांबले. तो काळ असा, की सकाळी विधवेचं तोंड दिसलं तर माणसं कामाला जायची परत फिरत. शुभकार्यात ती समोर येऊ नये म्हणून तिला मागच्या खोलीत ठेवत. आणि ही बाई त्याच लोकांच्या पुढच्या दाराशी जाऊन उभी राहत होती. तिचं नुसतं उभं राहणं हेच आधी सोसावं लागणारं होतं, पैशाची गोष्ट त्यानंतरची. माझा घसा एका सकाळी कोरडा पडला होता, तोही माझ्याच गावात, जिथे अर्धी माणसं मला बँकेतल्या ताई म्हणून ओळखतात.

त्याच काळातला दुसरा एक उद्योग आठवतो. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला. माणशी एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे राहावेत, ही कल्पना. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काचकारखाना सुरू झाला, आणि तिथे शिकलेल्या माणसांनी पुढे देशात ठिकठिकाणी काचेचं काम नेलं. आमच्या पिढीला ही गोष्ट बहुधा एका ओळीत सांगितली जाते. पण रोखपालाच्या सवयीने मी तिचा हिशेब मांडते. तेव्हा रुपयाला चौसष्ट पैसे. म्हणजे एक रुपया जमवायला चौसष्ट तळहात उघडावे लागत. शंभर रुपयांना सहा हजार चारशे. काचेची भट्टी पेटवायला किती रुपये लागतात, त्याचे किती तळहात होतात, आणि त्या तळहातांपर्यंत उन्हातान्हात कोणाचे पाय गेले असतील? काळ्यांचं नाव राहिलं, तेही थोडं. त्या पायांची नावं मला कुठे वाचायला मिळाली नाहीत.

आपल्याकडे दानाला फार मोठी जागा आहे. देणाऱ्याच्या नावाने घाट आहेत, धर्मशाळा आहेत, वर्गखोल्या, पाणपोया, देवळातले पंखेसुद्धा. मागणाऱ्याला जागा नाही, कारण मागणं आणि भीक यांच्यामध्ये आपण रेघच ओढलेली नाही. जो स्वतःसाठी मागतो आणि जो दुसऱ्यासाठी मागतो, दोघांनाही आपण एकाच पायरीवर उभं करतो. दुसऱ्यासाठी मागणारा काय देतो? पैसा तर त्याचा नसतो. तो देतो ती स्वतःची पत. ‘हा माणूस आलाय, म्हणजे ठीक असणार’ या एका भरवशावर लोक खिशात हात घालतात. पुढे कामात काही काळंबेरं झालं, तर समितीला कुणी विचारत नाही. बाजारात भाजी घेताना त्यालाच अडवतात.

हे सगळं मी आज इतकं ठामपणे लिहिते आहे. पण तेव्हा मला ते कळलं नव्हतं. निदान वेळेवर कळलं नव्हतं.

२०२३ च्या मे महिन्यात छप्पर पूर्ण झालं. नवे वासे, नव्या रिपा, लालभडक मंगलोरी कौलं. पाऊस लागण्याआधी समारंभ ठेवला. कार्यक्रमपत्रिका मी आणि आमच्या चिटणिसांनी बसून लिहिली. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, मग चौदा देणगीदारांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, मग अभियंता, मग कंत्राटदार, पाहुण्यांचं भाषण, आभार. आभाराचं टिपण माझ्या हातचं होतं. त्यात शेवटी लिहिलं होतं, “या कार्याला ज्या ज्ञात-अज्ञात हातांनी साहाय्य केले त्या सर्वांचे...” ऐकायला चांगलं वाटतं ते. आपल्याकडच्या प्रत्येक आभारप्रदर्शनात असतं. लेखणीतून आपोआप उतरतं.

मंचावरून मी ते वाचलं तेव्हा काका सभागृहाच्या दाराशी उशिरा आलेल्यांना खुर्च्या लावून देत होते. वहिनी आतल्या खोलीत पाहुण्यांच्या ताटल्या भरत होत्या. टाळ्या झाल्या. वंदे मातरम् झालं. मी खाली उतरून पाहिलं तर काका गेले होते.

रात्री घरी मी पर्समधून किल्ल्या काढल्या आणि त्यांच्याबरोबर ते टिपण बाहेर आलं. ‘अज्ञात’ या शब्दावर डोळे खिळले. अज्ञात कोण? अठरापैकी सात पुस्तकांवर, प्रत्येक पावतीच्या खाली, ‘घेणाऱ्याची सही’ या जागी काकांची सही होती. तीनशे पन्नास सह्या. माझ्या कपाटात. मी स्वतः त्या तपासून प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी बरोबरची खूण केली होती. गावातल्या कुठल्याही माणसापेक्षा ते हात मला अधिक ज्ञात होते.

चार दिवसांनी आम्ही तिघं, अध्यक्ष, चिटणीस आणि मी, शाल-नारळ घेऊन त्यांच्या घरी गेलो. छोटं, शेणाने सारवलेलं अंगण. ओटीवर भिंतीला गाडगेबाबांचा फोटो. काकूंनी कोकम सरबत दिलं. अध्यक्ष दोन शब्द बोलले, चांगलं बोलले. शाल उलगडली. काका उठून उभे राहिले, पण खांदा पुढे केला नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, “ताई, ही कुठल्या खात्यातून?”

खजिनदार मीच. मला ठाऊक होतं. देणगीदारांसाठी आम्ही पंधरा शाली आणल्या होत्या, एक जास्तीची असावी म्हणून. बिल ‘सत्कार खर्च’ या नावाखाली इमारत निधीत पडलं होतं. आणि ही शाल म्हणजे तीच पंधरावी, उरलेली. मी खरं ते सांगितलं. खोटं सांगायची सोय त्यांच्या डोळ्यांनी ठेवली नव्हती.

ते म्हणाले, “मी दारोदार सांगत गेलो, यातला रुपया कौलांशिवाय कुठे जायचा नाही. आता ही मी कशी पांघरू?”

आवाजात राग नव्हता. शाल त्यांनी स्वतः घडी घालून, नारळ वर ठेवून, अध्यक्षांच्या हातात परत दिली. मागे भिंतीवर बाबांचा फोटो. लोकांच्या पैशातून ज्याने पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहूला धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःजवळ फुटकं गाडगं, चिंध्यांचं पांघरूण आणि खराटा एवढंच ठेवलं, तो माणूस. तो फोटो मी त्या घरात आधीही पाहिला होता. तो तिथे का आहे, हे त्या दिवशी कळलं.

निघताना काका सहज म्हणाले, “कौलं अजून बघितली नाहीत हो मी. आतून. कशी बसलीत?”

एवढंच. इतके महिने ज्यासाठी पायपीट केली, ते आत जाऊन नीट बघायला त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पाहुण्यांना माडीवर नेऊन दाखवलं होतं, देणगीदारांना नेलं होतं. चहापानाआधी, रांगेने.

दुसऱ्या दिवशी कार्यकारिणीच्या आम्ही सगळ्यांनी पंधरा शाली आणि पंधरा नारळांचे पैसे आपापल्या खिशातून निधीत भरले. ती पावती लिहायला मी अठरावं पुस्तक काकांकडे नेलं. त्यांनी तशीच लिहिली, सावकाश, अक्षरी रकमेखाली रेघ ओढून, आणि दोन्ही हातांनी दिली.

मग पाऊस आला. जूनच्या अखेरीस, कोकणात येतो तसा, अंगावर धावून. मी सातही जणांना फोन केले, सकाळी सात वाजता या म्हणून, वाचनालय उघडायच्या आधी. छत्र्या ठिबकत ठेवून आम्ही माडीवर गेलो. संदर्भ विभागात जिथे बादल्या असायच्या तिथे सतरंजी अंथरली होती. बसलो. वर धो धो आवाज. खाली कोरडं. कितीतरी वेळ कुणी बोललं नाही. वहिनी उठून कोपऱ्यातल्या भिंतीपाशी गेल्या, जिथून सर्वांत जास्त पाणी यायचं, आणि तळहात टेकवून उभ्या राहिल्या. मुलांपैकी एकाने वर बघत विचारलं, एक कौल कितीला पडलं असेल? मी सांगितलं, चाळीस-बेचाळीस. काका म्हणाले, “म्हणजे अकरावाली चार घरं मिळून एक.” आणि ते बोटाने दाखवू लागले. हे त्या ट्रंकवाल्या आजोबांच्या आळीचं. ते तिकडचं, मधल्या ओळीतलं, मच्छी मार्केटमागच्या चार खोल्यांचं. गंमत म्हणून नव्हे; अगदी मोजून, गंभीरपणे. मग वहिनीही सांगू लागल्या. मग मुलं. त्या छपरातलं कुठलं कौल कुणाच्या घरातून आलं, हे ठरवता ठरवता आठ वाजले.

मला वाटतं, कृतज्ञता आम्हाला त्या तासात साधली. मंचावर साधली नव्हती, शालीत तर नाहीच. त्यांनी गावाला जे वचन दिलं होतं ते पुरं झाल्याचं आम्ही त्यांना आधी, सगळ्यांच्या आधी, दाखवायला हवं होतं. उशिरा दाखवलं.

पावतीपुस्तकांची गोष्ट त्यानंतरची. हिशेबतपासणीसाठी स्थळप्रती पुन्हा चाळत होते. एक पुस्तक हातातून निसटून पालथं पडलं, तेव्हा दिसलं की मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने बारीक काहीतरी लिहिलं आहे. काकांचं अक्षर. मी पान उलटत गेले. ‘चहा दिला.’ ‘जिना अंधारा, दिवसा जावे.’ ‘मुलीला स्पर्धा परीक्षेची पुस्तके हवीत, विचारणे.’ ‘पैसे नाहीत म्हणाल्या, पण बसवून घेतले. जावे.’ ‘चष्मा तुटलाय, मोठ्या टायपाचे पुस्तक असल्यास पोचवणे.’ आणि एका मागे, जरा दाबून: ‘मुलगा गेला, दोन महिने झाले. तरी एकवीस दिले. पुन्हा मागू नये.’

चौतीस वर्षं मी नोटांच्या दोन्ही बाजू तपासल्या. पावतीची मागची बाजू बघायचं मला कधी सुचलं नाही. पुढच्या बाजूवर रुपये होते, ते मी ताळेबंदात घेतले. मागच्या बाजूवर अख्खं गाव होतं, आणि ते माझ्या कपाटात तळच्या खणात, सुतळीने आवळलेलं, पडून होतं.

त्या वर्षीच्या वार्षिक सभेत जमाखर्चाच्या आधी आम्ही एक विषय घातला. वर्गणीला फिरलेल्यांनी काय पाहिलं ते सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. कार्यक्रमपत्रिकेत त्याला नाव सुचेना, म्हणून ‘फेरीचा वृत्तांत’ असं साधं लिहिलं. दहा मिनिटं ठेवली होती, दोन तास लागले. वहिनी सभेत आयुष्यात पहिल्यांदा बोलल्या. त्यांच्या बोलण्यातूनच दुपारची घरपोच पुस्तकपेटी सुरू झाली. मोठ्या टायपाची पुस्तकं आम्ही वेगळ्या फळीवर लावली. जिना अंधारा असलेल्या घरी आता एक मुलगा दर पंधरवड्याला दिवसा पुस्तक बदलायला जातो.

यंदा बालविभागासाठी पुन्हा निधी सुरू केला आहे. आता बरेच लोक मोबाइलवर क्यूआर कोडनेच पैसे पाठवतात. ते सोयीचं आहे, हिशेबाला चोख आहे, आणि मी त्याच्या विरुद्ध नाही. पैसे थेट खात्यात येतात, जिना चढावा लागत नाही. पण पैसे पाठवणाऱ्याचा चष्मा तुटलाय की नाही हे खात्याला कळत नाही. म्हणून कोडचा कागद पावतीपुस्तकाच्या पुठ्ठ्यावर चिकटवला आहे; पैसे कसेही द्या, पुस्तक घेऊन माणूस येणार.

काकांचे गुडघे आता साथ देत नाहीत. त्यांची पेठ दोघा मुलांनी घेतली. नवी पुस्तकं छापून आली तेव्हा मी आधी काकांच्या घरी नेली. त्यांनी ओटीवर बसून एकेक पुस्तक उघडलं, डेपोत तिकिटांचे गठ्ठे ताब्यात घेताना मोजावेत तसे एक ते पन्नास क्रमांक मोजले, कार्बन तपासला, मुलांच्या सह्या घेतल्या. मग आपली जुनी स्थळप्रतींची पुस्तकं मागवून घेतली आणि मागच्या बाजू त्या दोघांना वाचून दाखवल्या, घरागणिक. एका पानाशी थांबले. म्हणाले, “या घरी जा. पण पावतीपुस्तक पिशवीत ठेवा.”

फेरी झाल्यावर, संध्याकाळी सातला, त्यांतला एक मुलगा वाचनालयात आला. दिवसभराची रोकड माझ्यासमोर ठेवली. मी मोजली, जुळली. तो जाईना. पुस्तक त्याने टेबलावर पालथं ठेवलं आणि माझ्याकडे पेन्सिल मागितली.